पेलो, पिलो की प्यायलो

वर्गात प्रश्न विचारला की मुलं पंख्याकडे बघतात. हा नियम सगळीकडेच असावा, पण आमच्या मंडळाच्या हॉलमधला पंखा इतका कुरकुरतो की मुलं त्याच्याकडूनच उत्तराची अपेक्षा करताहेत असं वाटतं. "'मी शाळेत गेलो' याचा भविष्यकाळ सांगा," असं मी म्हणालो की पंखा म्हणणार 'कर्रर्र', आणि सगळे माना डोलावणार.

"समजलं का?"

"हो काका."

"काय समजलं?"

पुन्हा पंखा.

मी भालचंद्र. मूळचा पुण्याकडचा, भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त, राहणार अशोका गार्डन. इथल्या मराठी स्नेहमंडळात दर रविवारी सकाळी मी मराठीचा वर्ग घेतो. मुलं मराठी घरांतली, पण जन्मली-वाढली भोपाळात. घरी ती शुद्ध मराठी बोलतात असं त्यांच्या आयांचं म्हणणं आहे. माझ्या कानावर पडलेलं मराठी साधारण असं असतं : "काका, मला कालचा समजमध्ये नाही आला, परत सांगून द्या ना." मुलं मला भालूकाका म्हणतात. पुण्यात हे प्रेमाचं नाव वाटलं असतं. पण हिंदीत भालू म्हणजे अस्वल, हे मुलांनाही माहीत आहे आणि मलाही. दोन्ही पक्ष त्याचा उल्लेख टाळतात.

तर एका रविवारी वर्ग संपवून मी फळा पुसत होतो, तेव्हा मंडळाचे सचिव दत्तात्रयराव आले. हे मूळ नागपूरचे. त्यांच्या वडिलांचं सरकारी ऑफिस नागपूरहून उचलून भोपाळला आणलं तेव्हा बिऱ्हाडही मागोमाग आलं, आणि इतक्या वर्षांत त्यांनी नागपूर काही सोडलेलं नाही.

"भालचंद्रजी, मुलांपेक्षा खुर्च्या जास्त दिसून राहिल्या आज."

"खुर्च्या नेहमीच जास्त असतात," मी म्हणालो. "हॉल आहे ना."

"झुंबावाल्या बाई विचारून राहिल्या. त्यांच्याकडे बायका नंबर लावून उभ्या आहेत. दिवाळीपर्यंत पाहू. हजेरी अशीच राहिली, तर रविवार सकाळ त्यांना देऊन टाकू."

मी फडकं झटकलं. खडूची पूड दत्तात्रयरावांच्या जॅकेटवर बसली. मुद्दाम नव्हे, पण मला वाईट वाटलं असंही नव्हे. नंतर रस्त्यानं येताना मात्र पाय जड झाले. शनिवारी संध्याकाळी मी रविवारच्या शर्टाला स्वतः इस्त्री करतो. निवृत्तीनंतर मला इस्त्रीचा शर्ट लागेल अशी ती एकच जागा उरली होती, आणि तीही आता कंबर हलवणाऱ्यांच्या ताब्यात जाणार होती.

माझी पुतणी स्वरदा पुण्यात शाळेत शिकवते. तिला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, मुलांना येत नाही म्हणून ती गप्प बसत नाहीत. चुकलं तर सगळे हसतील म्हणून गप्प बसतात. तुम्ही पोलिंग का नाही करत?"

"काय?"

"मोबाइलवर मतं घ्यायची. तुमचा प्रश्न पडद्यावर येतो, मुलं चौकोनी कोड स्कॅन करतात आणि आपापल्या फोनवर उत्तर दाबतात. कुणी काय दाबलं ते कळत नाही. पडद्यावर नुसते पट्टे वर चढतात. आणि खरी गंमत पुढे आहे. पहिल्यांदा मतं घेतली की बरोबर उत्तर सांगायचं नाही. गट करायचे, आपसात भांडू द्यायचं, आणि मग पुन्हा मतं घ्यायची."

"भांडू द्यायचं?"

"भांडताना शिकतात काका. तुम्ही फक्त मध्ये बोलायचं नाही."

ही शेवटची अट मला जमेल का, याबद्दल आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे कमलिनीनं, तिथल्या तिथे शंका व्यक्त केली.

रंगीत तालीम घरीच केली. मतदार दोन : कमलिनी आणि शेजारचे मधुकरराव. मधुकरराव मंडीदीपच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीत काय बिघडू शकतं ते त्यांना आधीच माहीत असतं. कमलिनीनं नुकताच चहा दिला होता, म्हणून मी प्रश्न टाकला : चहा कसा झाला आहे? पर्याय : उत्तम, बरा, पांचट. मतदार कमी म्हणून मीही मत दिलं.

पडद्यावर दोन पट्टे उमटले. दोन मतं 'उत्तम'. एक मत 'पांचट'.

कमलिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी मधुकररावांकडे पाहिलं. मधुकरराव घाईघाईनं म्हणाले, "वहिनी, मी तर उत्तमच दाबलं. बोट घसरलं असेल तर माहीत नाही."

"मीही उत्तमच दिलं," मी म्हणालो, आणि ते अगदी खरं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात मी काहीतरी शिकलो आहेच.

आम्ही दोघं एकमेकांकडे आरोपीसारखे बघत असताना कमलिनी कपबश्या गोळा करत म्हणाली, "पांचट मी दिलं. नाव खरंच कळत नाही ना, ते बघत होते."

मधुकररावांनी जाताना सल्ला दिला. "भालचंद्रराव, मुलांना कोड नीट दिसला पाहिजे. लहान कोड म्हणजे अपघाताला आमंत्रण." हा सल्ला मी तेव्हा हसण्यावारी नेला.

आता मंडळाचा प्रोजेक्टर मिळवायचा होता. हा प्रोजेक्टर फक्त सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी आहे. व्याकरण सांस्कृतिक की शैक्षणिक, यावर कार्यकारिणीत चर्चा झाली. तोही प्रश्न सुटला असता, पण माझ्या अर्जात 'वर्गात मतदान घेण्यासाठी' असं लिहिलं होतं. 'मतदान' शब्द वाचताच दत्तात्रयरावांनी चष्मा काढला.

"मतदान? मंडळात?"

"मुलांचं. क्रियापदांवर."

"आज क्रियापदांवर, उद्या पदांवर!" ते म्हणाले. ते गेली बरीच वर्षं बिनविरोध सचिव आहेत आणि 'विरोध' या शब्दाशी त्यांची फारशी ओळख नाही. "घटनेत मतदान वर्षातून एकदाच आहे. तेही हात वर करून."

मी 'मतदान' खोडून 'कलचाचणी' लिहिलं. त्यांना त्यात निवडणुकीचा वास आला. 'जनमत' लिहिलं, तर ते आणखीच बिघडलं. शेवटी 'बोटांचा उपक्रम' असं लिहिल्यावर मंजुरी मिळाली. मंडळाच्या फळ्यावर सूचना लागली : 'रविवारी सकाळी भालचंद्रजी यांचा बोटांचा उपक्रम'. संधिवात असलेल्या तीन ज्येष्ठ सदस्यांनी नाव नोंदवलं.

पहिला रविवार. मुलांना सांगितलं, आज मोबाइल बाहेर काढा. आजवर मी फोन आत ठेवा असं सांगून घसा बसवला होता, त्यामुळे त्यांना वाटलं हा सापळा आहे. केतकीनं आधी काढला. ही कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. एम. पी. नगरमधल्या कोचिंग क्लासमुळे ती वर्गात नेहमी अर्धा तास उशिरा येते, पण येते. त्या दिवशी मात्र वेळेवर आली होती.

"काका, टेन्शन नका लेऊ, मी सगळ्यांना जोडून देते," ती म्हणाली. 'लेऊ' ऐकून माझा जीव कळवळला, पण मध्ये बोलायचं नाही असं ठरलं होतं.

सुरुवातीला ओळखीचा प्रश्न टाकला. मराठी म्हटलं की मनात पहिला शब्द कोणता येतो? यात एक सोय अशी की जो शब्द जास्त जण लिहितील तो पडद्यावर मोठा होत जातो. मला वाटलं, आई, माती, दिवाळी असं काही येईल. एका कोपऱ्यात बारीकसा 'पुरणपोळी' उमटला. मग मधोमध 'बोर' आला. तो वाढायला लागला. दर दोन-चार सेकंदांनी तो फुगत गेला आणि शेवटी पुरणपोळीला पार पडद्याच्या कडेला नेऊन दाबून टाकलं. मी मनाची समजूत घातली की बोर हे एक फळ आहे.

मागच्या रांगेतला गौरांग, नववीतला, हसू दाबताना खुर्चीवरून घसरला.

अपमान गिळून मी पुढचा प्रश्न टाकला. बरोबर वाक्य निवडा : मी पाणी पिलो. मी पाणी प्यायलो. मी पाणी पेलो. मी पाणी पिऊन घेतलो.

मतं आली. चारही पट्टे जवळजवळ सारखे. मला धक्काच बसला. इतकी वर्षं ही मुलं माना डोलावत होती ती कशाला? एरवी मी उत्तर सांगून मोकळा झालो असतो. पण स्वरदाचा आवाज कानात होता. "गट करा," मी म्हणालो, "आणि एकमेकांना पटवा." मग दोन्ही हात मागे बांधून खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

आणि वर्ग पेटला.

"अबे, 'पिऊन घेतलो' कसा होईल? तू काय 'आंघोळ करून घेतलो' म्हणतो?"

"माझी आई पिलोच म्हणते!"

"तुझी आई इंदूरची आहे!"

"'प्यायलो' ऐकायलाच कसातरी लागतो यार, जैसे खोकला आला."

"पर 'न्यायला', 'द्यायला' म्हणतो ना आपण? मग 'प्यायला' का नाही?"

हे शेवटचं गौरांग बोलला. त्यानं आजवर माझ्या वर्गात 'हजर' याखेरीज शब्द उच्चारला नव्हता. त्याचं कारण व्याकरणाला धरून नव्हतं, पण ते कारण होतं, आणि त्यानं स्वतः शोधलेलं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण माझा चेहरा मुलांना दिसू द्यायचा नव्हता. दुसऱ्यांदा मतं घेतली तेव्हा 'प्यायलो' सगळ्यांच्या वर गेला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पंख्याकडे कुणी पाहिलंच नाही.

आता इथे मी जे केलं ते उत्साहाच्या भरात केलं, हे वाचकांनी लक्षात घ्यावं. बरोबर उत्तर 'प्यायलो' अशी मी खूण केली. चुकीचं उत्तर देणाऱ्याच्या फोनवर आपल्या पसंतीचा संदेश दाखवण्याची सोय होती. मी लिहिलं : 'चूक! मराठी सुधारा.' शेजारी लाल फुली टाकली. मग खुशीत घरी गेलो आणि प्रश्न बंद करायचा विसरलो.

बंद न केलेल्या प्रश्नानं कदाचित काही बिघडलं नसतं. पण लहान कोड म्हणजे अपघात, हे मधुकररावांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. माझी हजेरी वाढावी म्हणून त्यांनी तो चौकोनी कोड भल्यामोठ्या फ्लेक्सवर छापून घेतला आणि मंडळाच्या फाटकावर लावला. वर लिहिलं, 'आपले एक बोट मराठीसाठी'. मला ही भेट अचानक द्यायची असं त्यांनी ठरवलं होतं, म्हणून आधी काही बोलले नाहीत.

भोपाळात काय किंवा कुठेही काय, आजकाल फाटकावर चौकोनी कोड दिसला की लोक पैसे द्यायला फोन काढतात. समोरच्या पोहे-जलेबीच्या गाडीवरच्या गिऱ्हाइकांनी नाश्त्याचे पैसे तिथे देण्याचा प्रयत्न केला. पैसे जाईनात, पाणी कसं प्यायलं ते विचारलं जाई. एकानं 'पिलो' दाबलं आणि गाडीवाल्याला फोन दाखवून विचारलं, "भैया, ये सुधारा-सुधारा क्या लिखा है? पेमेंट हुआ कि नहीं?"

पण खरा भडका मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर उडाला. कुणा पालकानं प्रश्न तिथे टाकला. विदर्भातल्या मंडळींनी घरच्यासारखं 'पेलो' दाबलं आणि प्रत्येकाच्या फोनवर लाल फुली आली. त्यांनी तो नागपूर, वर्धा, अमरावतीला पाठवला, आणखी फुल्या आल्या. 'पेलो'चा पट्टा वर चढू लागला. इकडे 'प्यायलो'ही चढू लागला, याचं मला नवल वाटलं. नंतर कळलं की कमलिनीनं तो चिंचवडच्या बहिणींना पाठवला होता.

"तू कशाला मध्ये पडलीस?" मी विचारलं.

"ते पुढे जात होते," ती म्हणाली. मी सकाळचा चहा घेताना ती शेअर बाजाराचे आकडे बघावेत तसे पट्टे बघायची.

प्रश्न बंद करू म्हणून बसलो, तर मधुकररावांनी हात धरला. "आता बंद केलात तर ज्यांचा पट्टा खाली आहे ते म्हणतील घोटाळा केला. चालू मशीनमध्ये हात घालायचा नाही, हा पहिला नियम." हा सल्ला मी मानला. यानंतर त्यांचा एकही सल्ला मानलेला नाही.

गुरुवारी दत्तात्रयरावांचा फोन आला. आवाज शांत होता, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"भालचंद्रजी, माझ्या आईनं पण बोट लावलं."

दत्तात्रयरावांच्या आई, सिंधूआजी, नव्वदीला टेकल्या आहेत. मूळच्या वर्ध्याकडच्या एका गावातल्या. नातसुनेनं फोन हातात दिला, आजींनी 'पेलो' दाबलं. फोन म्हणाला, 'चूक! मराठी सुधारा.' आजींना वाटलं बोट नीट लागलं नाही. पदरानं काच पुसून पुन्हा दाबलं. फुली. दुपारभर त्या काच पुसत होत्या.

"माझी आई काय जन्मभर चूक पाणी पेली?" दत्तात्रयराव म्हणाले. आणि फोन ठेवण्याआधी, "रविवारी वर्ग नाही. तिथे सभा आहे. विषय, वर्ग बंद करणे."

कमलिनीनं शेजारून सगळं ऐकलं होतं. तिनं आपला फोन उपडा ठेवला आणि त्या दिवशी पुन्हा पट्टे पाहिले नाहीत. सगळ्या गोंधळात मला एकच गोष्ट खरोखर टोचत होती : पदरानं काच पुसणाऱ्या आजी. प्रश्न मी बंद केला. पण गेलेला संदेश कुठे परत घेता येतो?

रविवारी हॉल भरला होता. मंडळाच्या इतिहासात वार्षिक सभेला एवढी माणसं आली नव्हती. तिथे तर जेवण असतं. डावीकडे पुण्या-मुंबईकडचे, उजवीकडे विदर्भातले, मधे मोकळी जागा, जणू लग्नात वरपक्ष आणि वधूपक्ष. भिंतीला टेकून मुलं उभी होती. मुलं सभेला येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. पुढच्या खुर्चीत सिंधूआजी, मांडीवर शाल.

मी आधी आजींकडे गेलो. भाषण तयार केलं होतं, ते सगळं विसरलो. "आजी, तो संदेश मी लिहिला. तुम्हाला उद्देशून नव्हता, पण लिहिला मीच. माफ करा."

आजींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तूच काय तो भालू?"

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं.

"हो."

"मले वाटलं फोन बिघडला," आजी म्हणाल्या. "तर माणूस बिघडला होता."

आता उजवीकडची सगळी बाजू हसली, आणि डावीकडचीही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. दत्तात्रयराव मात्र हसले नाहीत. ते उठून ठराव वाचू लागले. 'वर्गातील उपक्रमामुळे मंडळातील एकोप्यास बाधा येत असल्याने...' एवढं झालं आणि भिंतीकडून आवाज आला.

"काका, एक मिनिट!"

केतकी पुढे आली. तिनं माझ्याकडे न बघता प्रोजेक्टर सुरू केला. "तुम्ही सगळे मोठे आहात, मी काय बोलू. पण प्रश्नच गलत होता. भालूकाकांनी विचारलं, बरोबर काय आहे. मी दुसरा टाकला आहे."

पडद्यावर आलं : तुमच्या घरी काय म्हणतात? खाली चार पर्याय आणि पाचवी रिकामी जागा, हवं ते लिहायला. बरोबर-चूक काही नाही. फुली नाही.

"आणि असे नाही बसायचं," ती म्हणाली. "एका गटात दोन इकडचे, दोन तिकडचे, आणि आमच्यातले दोघं. आधी बोला, मग मत द्या. सचिवकाका, तुम्ही पण."

"ठराव चालू आहे," दत्तात्रयराव म्हणाले.

"दत्तू, बस खाली," आजी म्हणाल्या.

सचिव बसले. खुर्च्या सरकल्या. सुरुवातीला सगळे लग्नातल्या अनोळखी पाहुण्यांसारखे हात जोडत होते. मग एका गटातून कुणीतरी म्हणालं, आमच्याकडे कोल्हापूरला 'पिलो'च म्हणतात, आणि पंक्तीत 'पाणी घालू का' विचारतात. दुसऱ्या गटात विहिरीच्या पाण्याची चव निघाली. गौरांग आजींच्या गटात होता. त्याला 'पोहरा' म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आजींनी त्याला हवेतच दोरी ओढून दाखवली, तोही ओढू लागला, आणि दोघांनी मिळून भरलेला पोहरा वर काढला. माझ्या वर्गात शब्दार्थ सांगण्यासाठी मी आजवर फळ्यावर शब्दापुढे फक्त '=' ही खूण काढत आलो होतो.

मतं आली. 'पेलो' वर, 'प्यायलो' त्याच्या खालोखाल, 'पिलो' फार मागे नाही. पाचव्या जागेत कुणी 'प्यालो' लिहिलं होतं, कुणी 'पानी पेलं', आणि एका मुलानं प्रामाणिकपणे 'मैंने पी लिया'. एकाही फोनवर काही लाल झालं नाही. आजींनी हातातला फोन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "आता चांगला झाला."

"परीक्षेत मात्र प्यायलो लिहायचं," मी खिडकीशी उभा होतो, तिथून न राहवून म्हणालो. सगळ्या हॉलनं एकदम माझ्याकडे पाहिलं. "घरी पेलो," मी घाईनं जोडलं.

दत्तात्रयरावांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग भरलेल्या खुर्च्यांवर नजर फिरवून, घसा साफ करून म्हणाले, "झुंबावाल्या बाईंना संध्याकाळी या म्हणतो. सायंकाळी हवाही चांगली असते नाचायला."

माझ्या पायांतलं जडपण कुठल्या कुठे गेलं. त्या क्षणी मला कुणी झुंबा कर म्हटलं असतं तरी मी केला असता.

पण सभा संपेना. लोक उठायला तयार नव्हते. "अजून एक टाका," अशी मागणी आली. केतकी म्हणाली, या वेळी आजी प्रश्न देतील. आणि मग माझ्याकडे वळून, "काका, तुम्ही खिडकीशी काय करता? आजींच्या गटात बसा."

मी बसलो. एका बाजूला सचिव, एका बाजूला गौरांग, समोर आजी. वर्गात विद्यार्थ्याच्या खुर्चीवर मी किती वर्षांनी बसत होतो कुणास ठाऊक. त्या खुर्च्या अगदीच अवघड आहेत, हे मला तेव्हा कळलं.

आजींनी केतकीच्या कानात सांगितलं. पडद्यावर प्रश्न आला : सांबार म्हणजे काय? पर्याय : इडलीबरोबर खातात ते. कोथिंबीर. एक प्राणी. एक दागिना.

मी हसलो. बिचाऱ्या आजी, मुलांसाठी सोपा घालून दिला. मी ठामपणे 'इडलीबरोबर' दाबलं आणि गौरांगलाही तसंच दाब म्हणून खुणावलं. पट्टे आले. इडली पुढे होती, पण कोथिंबीरही भलतीच उंच दिसत होती.

"बोला आता गटात," केतकी म्हणाली.

"काका, कोथिंबीर कशी असेल?" गौरांगनं विचारलं. "आजी म्हणतात कोथिंबीर."

"शक्यच नाही. शब्द दक्षिणेकडचा आहे," मी म्हणालो, आणि त्याची व्युत्पत्ती सुरू केली. आजी ऐकत राहिल्या. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "मंग सांबारवडीत काय घालते तुझी बायको? डाळ?"

नागपूरकडची सांबारवडी मी अनेकदा खाल्ली आहे, दत्तात्रयरावांच्याच घरी. हिरवीगार, कोथिंबिरीनं भरलेली. नाव तसं का, हा विचार खाताना कधी शिवला नव्हता.

"आमच्याकडे कोथिंबिरीलेच सांबार म्हणतात, बाबू," आजी म्हणाल्या.

दत्तात्रयराव नुसते माझ्याकडे बघून मिशीत हसत राहिले. सचिवपदाच्या एवढ्या वर्षांत त्यांना इतकं समाधान कधी मिळालं नसेल.

"पुन्हा मत द्या," केतकी म्हणाली.

मी फोन हातात घेतला. मत गुप्त असतं, कुणाला कळणार नाही, हे मला ठाऊक होतं. पण गौरांग माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता आणि आजीही मान उंचावून बघत होत्या. मी सगळ्यांना दिसेल असा फोन धरला आणि 'कोथिंबीर' दाबलं. गौरांगनं टाळी दिली. शिक्षकाला टाळी देणं योग्य की अयोग्य हा प्रश्न मी त्या दिवशी सोडून दिला.

घरी निघालो तो तरंगतच. कमलिनी पुढे गेली होती, कोथिंबीर घेऊन या असं सांगून. अशोका गार्डनच्या वळणावर भाजीची गाडी उभी होती. नवीन शिकलेला शब्द वापरल्याशिवाय पक्का होत नाही, असं मी मुलांना नेहमी सांगतो. म्हणून ऐटीत म्हणालो, "भैया, एक गड्डी सांबार देना."

भाजीवाल्यानं माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "अंकल, सांभर सामने मिलेगा, डोसे वाले के यहाँ."

मी समजावून सांगणार होतो. नागपूर, वर्धा, सगळं. पण माझ्या पाठीमागे गिऱ्हाइकं खोळंबली होती, आणि समोरून डोशाचा वास येत होता, आणि सभेच्या धास्तीनं मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा कमलिनीनं दार उघडलं. माझ्या हातातली पिशवी रिकामी होती आणि इस्त्रीच्या शर्टावर मधोमध सांबाराचा मोठा डाग होता. "कोथिंबीर कुठे आहे?" तिनं विचारलं. मी डागाकडे बोट दाखवलं. सिंधूआजींच्या हिशेबानं मी आणली होती.